उपरण्याची घडी

"ते उपरणं काढून ठेव," हे म्हणाले, आणि चूळ भरायला परसात निघून गेले. मी इडलीचं भांडं गॅसवर चढवत होते, हात तसाच राहिला. आमच्या घरात उपरणी चार. तीन सुती, एक रेशमी. नुसतं 'ते' म्हटलं की कुठलं ते मला कळतं. आणि मला कळतं हे ह्यांनाही कळतं, म्हणून तर सांगून लगेच पळ काढला. पांढरं रेशीम, दोन बोटं जरीचा काठ. तेरा वर्षं ते ट्रंकेच्या तळाशी पडून आहे. दर पोंगलला मी ट्रंक उपसते, सगळ्याला ऊन दाखवते, डांबरगोळ्या बदलते. त्याला हात लावत नाही. परसातून खाकरण्याचा आवाज आला, मग शब्द आले, तेही भिंतीकडे तोंड करून. "शुक्रवारी अण्णाकडे पूंगोदैची सुपारी फुटतेय. तुलाही यायचंय."

"मला?"

"मुलाकडची माणसं आरणीची आहेत. मुलाची आई विचारत होती म्हणे, मुलीची सख्खी काकू गावातच राहते, मग एकदाही दिसत कशी नाही? घरात काही भानगड आहे का? अण्णानं निरोप धाडलाय."

"निरोप धाडलाय! स्वतः यायला पाय मोडलेत का त्याचे?"

"तिलकम, एक दिवस. यायचं, शिरा-भजी खायची, गप्प बसायचं. एवढं नाही जमायचं तुला?"

मी इडल्या उतरवल्या, चटणी वाटली, डबा भरला. गप्प बसण्यात आमच्या ह्यांचा हात धरणारं कांचीपुरममध्ये कुणी नाही, त्यांनी मला शिकवावं म्हणजे कमाल झाली. दुकानाकडे चालत जाताना रस्ताभर माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. ते मी काही त्या दिवशी रचलं नव्हतं; कित्येक वर्षं तयार होतं, फक्त वापरायला जागा मिळत नव्हती. पोरीला फिट येतात. बस्स, तीन शब्द. मुलीच्या सख्ख्या काकूनं, तेही डोळ्यांत पाणी आणून, मुलाच्या आईच्या कानाला लागून एवढंच सांगायचं. मग डॉक्टरचा दाखला आणा, देवासमोर कापूर विझवून शपथ घ्या, काही उपयोग नाही. आरणीच काय, पार वेल्लोरपर्यंत त्या पोरीला स्थळ यायचं नाही. आणि तिचा बाप एकांबरम, माझा थोरला दीर, रोज सकाळी उठून घरात बसलेल्या त्या पोरीचं तोंड बघेल. मला फार बरं वाटलं. खरं तेच सांगते, लपवायचं कशाला? इतकं बरं वाटलं की त्या दिवशी एका कटकट्या गिऱ्हाइकाला मी आपण होऊन साठ साड्या उलगडून दाखवल्या आणि एकदाही कपाळाला आठी घातली नाही.

रेशमी साड्यांच्या दुकानात एकोणीस वर्षं मी हेच करते. गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी साडी गादीवर फेकते, ती सरसरत उलगडते. गिऱ्हाईक नाक मुरडतं, मी घडी घालते. दिवसाला शंभर घड्या तरी होतात. दुपारी गर्दी ओसरली की मी मागच्या खोलीत डबा खाते, आणि गेले दोन महिने डबा खाताना तो ग्रंथ वाचते. तोच. आमच्याकडे त्याचं नावसुद्धा घरात घेत नाहीत. घरात ठेवला की भावाभावांत भांडणं लागतात म्हणे. ऐकायचा तर अम्मन देवीच्या देवळापुढच्या मांडवात, कथेकरी सांगेल तेवढाच, आणि पदर झटकून घरी यायचं. दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयात मी पंख्याखाली बसायला म्हणून गेले होते, तिथे तो लाल कापडात बांधलेला दिसला. "अक्का, हा घरी नेऊ नका हं," ग्रंथपाल दुरैसामी म्हणाला. "भांडणं लागतात." मी म्हटलं, "अहो, आमच्या घरात भांडण होतच नाही, हीच तर अडचण आहे." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग दुकानातच गादीखाली साडीच्या खोक्यात मी तो ठेवला, एकामागून एक खंड बदलत राहिले.

पन्नाशी जवळ आलेल्या बाईला ही गोष्ट काय नवीन असणार, असं मलाही वाटलं होतं. लहानपणापासून कथा ऐकलेली, सोंगं पाहिलेली. पण ऐकणं वेगळं आणि आपल्या डोळ्यांनी ओळीवरून ओळ वाचणं वेगळं. ऐकताना कथेकरी तुम्हाला हाताला धरून चिखलातून बाजूबाजूनं नेतो. वाचताना पाय आपला आपल्याला घालावा लागतो. भर सभेत राणीला केसांना धरून आणली ते पान आलं तेव्हा मी भात कालवलेला हात तसाच वाळू दिला. ती ओरडून विचारते, माझा नवरा आधी स्वतःला हरला होता की मला? सगळे गप्प. दाढीवाला आजोबा म्हणतो, धर्म फार बारीक असतो, मलाही नीट कळत नाही. बारीक! डोळ्यासमोर सून फरफटत आणली आहे आणि ह्याला धर्म बारीक दिसतोय. मग ती साडी. ओढताहेत, ओढताहेत, संपतच नाही. कथेकरी इथे आला की बायका हात जोडतात, शंख वाजतो. मी जोडले नाहीत. मला दोनच प्रश्न पडले. एक म्हणजे, एवढं वस्त्र जमिनीवर साचलं, त्याच्या घड्या नंतर कुणी घातल्या? हा प्रश्न माझ्यासारखीलाच पडणार, दुसरं कोण विचारणार? आणि दुसरा असा, की देवाला तिथे धावायला लागलंच का? सभा पुरुषांनी भरली होती. सगळे राजे. प्रत्येकाच्या खांद्यावर उपरणं असणारच. एकानं उठून आपलं उपरणं तिच्या अंगावर टाकलं असतं तर? दोन पावलांचं काम होतं. देवाची गरजच नव्हती. मी ते पान पुन्हा वाचलं, आजोबा, गुरू, पाच नवरे, प्रत्येकाच्या खांद्याशी थांबत थांबत वाचलं. एकालाही सुचलं नाही. नाही म्हणायला त्या शंभर दुष्टांतलाच एक धाकटा भाऊ उभा राहिला, हे बरोबर नाही म्हणाला, आणि त्याला पोर म्हणून खाली बसवलं. त्याच्याकडे तेव्हा माझं नीट लक्ष गेलं नाही, मी खांदे मोजत होते.

कारण माझ्या वेळी खांदे चारशे होते. धाकट्या दिराचं लग्न, सकाळचा मुहूर्त. नवरानवरीला ओवाळायला पाच सवाष्णी हव्या होत्या, एक कमी पडली. सासूच म्हणाली, "तिलकम, ये गं, धर ताट." मी हळद-चुन्याच्या लाल पाण्याचं ताट उचललं आणि पायरीवर पाय ठेवला. मागून एकांबरम गरजला, "वांझेच्या हातचं माझ्या भावाला?" प्यायला नव्हता. प्यायला असता तर निदान मागून सांगायला काहीतरी झालं असतं. माझी वेणी धरली, तिच्यातल्या मोगरा-अबोलीसकट, आणि ओढली. ताट उलटलं, लाल पाणी डोक्यावरून तोंडावर आलं. पदराची पिन ब्लाऊज फाडून सुटली, पदर कुणाच्या तरी पायाखाली राहिला, मी पुढे गेले. बोहल्यापासून दारापर्यंत मंडप बराच लांब होता. मी ओरडत होते. मुहूर्ताच्या वेळी अशुभ आवाज कानावर येऊ नये म्हणून वाजंत्री जोरात वाजवतात, तशी कुणीतरी बोट वर करून खूण केली आणि सनई-ढोल दुप्पट जोरात सुरू झाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना. पहिल्या रांगेत हे बसले होते, उघड्या अंगावर नवंकोरं रेशमी उपरणं घेऊन. माझ्याच दुकानातलं, मीच निवडलेलं. आमची नजरानजर झाली. ह्यांनी नजर खाली केली आणि दोन बोटांनी उपरण्याची घडी खांद्यावर नीट केली. सरकली होती बहुतेक. दाराशी पोचता पोचता एकांबरमची पकड एकदम सुटली, दमला असेल. मी दोन्ही हात छातीशी धरून रस्त्यावर उभी राहिले, आणि आत जेवणाच्या पंगती बसल्या. रात्री घरी आल्यावर हे म्हणाले, "थोरला भाऊ आहे. बापाच्या जागी. मी काय बोलणार?" ग्रंथातल्या आजोबापेक्षा एवढंच बरं, की ह्यांनी धर्माचं नाव घेतलं नाही.

ग्रंथातली राणी म्हणाली, त्याचं रक्त लावल्याशिवाय केस बांधणार नाही. राणी होती, तिला परवडलं. मला दुसऱ्या दिवशी दुकानात गादीवर बसायचं होतं. मी त्याच दिवशी नळाखाली डोकं धुतलं, गुंता सोडवला, अंबाडा घातला. फुलं तेवढी सोडली. पण सूड म्हणजे काय, ते मला त्या राणीच्या आधीपासून माहीत होतं. माझ्या माहेरी अम्मनच्या जत्रेत शेवटच्या सकाळी मैदानात मातीचा राजा करतात. उताणा, वीस-वीस हात लांब, मिशा, दागिने, डोळे वटारलेले, मांडीत लाल पाण्याचं मडकं पुरलेलं. सोंगातला गदावाला त्याच्याभोवती धावतो, शेवटी मांडीवर घाव घालतो, मडकं फुटतं, त्या लाल चिखलानं अम्मनचे, म्हणजे त्या राणीचेच, केस बांधतात. मग बायका केरसुण्या आणि सुपं घेऊन मातीच्या राजावर तुटून पडतात. माझी आई एरवी मोठ्यानं बोलायची नाही. पण त्या सकाळी अशी हाणायची की केरसुणीच्या काड्या उडायच्या. घरी येताना त्याच्या अंगाची मूठभर माती आणायची, तांदळाच्या मडक्यात ठेवायची, बरकत येते म्हणून. मला वाटायचं गोष्ट तिथेच संपते. केस बांधले, माती आणली, जेवायला बसा.

म्हणून त्या आठवड्यात मी भराभर वाचत होते. लढाई रंगात आली होती. शंभरांतले एकेक पडत होते आणि मी घास गिळत गिळत मोजत होते. सोमवारी तीस, मंगळवारी साठाच्या वर. प्रत्येकाला मी एकांबरमचं तोंड लावत होते. "आज काय गं, फार खुशीत?" शेजारच्या गादीवरची वसुमती म्हणाली. मी म्हटलं, "माणसं मरताहेत." ती माझ्याकडे बघतच राहिली. आणि बुधवारी, आणखी सात-आठ पडले त्यात, एक नाव ओळखीचं वाटलं. पान उलटून मागे गेले. तोच, जो सभेत उभा राहिला होता. शंभरांत एकटा. त्यालाही मारलं. गदावाल्यानं मारून वर म्हटलं, तू चांगला होतास रे, पण मी सगळ्यांची शपथ घेतली होती. मला राग आला. आधी गदावाल्याचा आला, मग माझाच आला, कारण मोजताना मी त्यालाही धरला होता. पण तरी पुढे गेले, मांडी फुटायची होती ना. गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती फुटली. आता केस बांधणार म्हणून मी वाट बघत होते. केस कुठले? त्याच रात्री शत्रूकडचे उरलेले तिघे छावणीत शिरले आणि झोपलेली सगळी माणसं कापली. राणीचे पाचही मुलगे. झोपेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या जत्रा, इतके कथेकरी, माझ्या आईच्या इतक्या केरसुण्या, आणि मातीचा राजा फुटल्यावर दुसऱ्या दिवशी काय झालं ते कुणी बोललं नाही! मी ग्रंथ मिटला. सूड बरोबर होता, अजूनही म्हणते बरोबर होता. पण जे गप्प बसले होते त्यांच्यातले किती सुखरूप सुटले! पाच नवऱ्यांना तर राज्यही मिळालं. आणि भरलं कुणी? पोरांनी.

दुपारी पूंगोदै दुकानात आली. शेजारच्या शिंप्याकडून ब्लाऊज घ्यायला आली होती. नऊ वर्षांची होती तेव्हापासून मी तिला रस्त्यात दुरूनच बघितलेली; आता बावीस, बापासारखं कपाळ. ते कपाळ बघून माझ्या जिभेवर ते तीन शब्द आले, सवयीनं.

"चित्ती," ती म्हणाली. आमच्याकडे काकूला असंच म्हणतात. मला ही हाक मारणारं दुसरं कुणी नाही. "उद्या येणार ना? खरं सांग."

"तुझ्या बापाचा हुकूम आहे म्हटल्यावर."

"त्याचं सोड. मी सांगतेय म्हणून ये." ती गादीच्या काठावर टेकली. "मला वाटायचं तू माझ्यावर रागावलीस. मला फार वेळ लागला ना त्या दिवशी. मी जेवणघरात होते, पळत आले तोवर तू दाराशी पोचलेली."

"कशाला वेळ लागला?"

"चावायला." तिनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "अप्पाच्या मनगटाला. तुला माहीत नाही? म्हणून तर त्यानं वेणी सोडली. अजून दातांचे व्रण आहेत, घड्याळाखाली लपवतो. मला त्यानं असं बडवलं, की तीन दिवस शाळेत गेले नाही."

तेरा वर्षं मी चारशे खांदे मोजले, खाली बघितलंच नाही. दमला असेल म्हणे! आणि हिच्याच गळ्यावर मी सुरी धरून बसले होते, रोज तिला धार लावत. माझ्यात आणि त्या गदावाल्यात काय फरक राहिला असता? त्यानं निदान तोंडानं तरी वाईट वाटलं म्हटलं.

"आईसारखी ओरडू नकोस," पूंगोदै म्हणाली, "पण तो मुलगा मला आवडलाय, चित्ती. फार नाही. पण आवडलाय."

"जा," मी म्हटलं. "ब्लाऊज घालून बघ आधी, नाहीतर उद्या काखेत उसवेल." ती गेल्यावर मी बराच वेळ एकाच साडीची घडी घालत-मोडत बसले. राग कमी झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तिळभर कमी झाला नाही. फक्त तो इतकी वर्षं चुकीच्या घरी राहत होता, तो आता आपल्या घरी परत आला. संध्याकाळी येऊन मी ट्रंक उघडली, ते उपरणं काढलं, झटकलं. रेशीम जसंच्या तसं होतं. चांगला माल, मीच निवडलेला.

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही गेलो. एकांबरमच्या घराच्या दारात तांदळाच्या पिठाचा केवढा तरी कोलम काढलेला. एकांबरम म्हातारा झालाय. मला बघून म्हणाला, "ये," आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तेरा वर्षांनी एक शब्द. ओसरीला लागून मोठी खोली, चटयांवर माणसं, सगळ्यांच्या हातात कॉफीचे पेले. विड्याच्या ताटांपुढे मुलीकडचे म्हणून एकांबरम आणि हे शेजारी बसले, उघड्या अंगावर उपरणी घेऊन. ह्यांना ते उपरणं अजून शोभतं. समोर मुलाची आई, मुलाची आजी, मामा-काका. भटजींनी काही म्हटलं, नारळ इकडून तिकडे झाला. मग लाल पाण्याचं ताट आलं. "ओवाळायला कोण?" कुणीतरी विचारलं.

"चित्ती," पूंगोदै म्हणाली. कुणी काही बोलायच्या आत तिनं ताट माझ्या हातात दिलं.

"हो, हो, काकूच करू देत," मुलाची आई हसून म्हणाली. "इतके दिवस होतात कुठे हो तुम्ही? आम्ही आपल्या विचारतोय, विचारतोय."

"दुकानात असते ती," एकांबरम म्हणाला. "वेळच मिळत नाही बिचारीला." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ आहे. गप्प.

मी ताट खाली ठेवलं. "वेळ असतो," मी म्हटलं. "तेरा वर्षांपूर्वी असंच ताट मी उचललं होतं. मला मूल नाही म्हणून ह्या माणसानं भर मंडपात माझी वेणी धरली आणि मला फरफटत दारापर्यंत नेलं. चारशे माणसं बसली होती. म्हणून मी ह्या घरी येत नाही." आज वाजंत्री नव्हती. सुपारीला कोण वाजंत्री आणतं? शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू गेला.

"नागलिंगा," एकांबरम ह्यांना म्हणाला, "हिला घरी घेऊन जा."

"थांबा, पोरीचं राहिलं," मी मुलाच्या आईला म्हटलं. "चारशे माणसांत एकटी ही उठली. नऊ वर्षांची. बापाच्या मनगटाला चावली आणि मला सोडवलं. मार खाल्ला, पण कुणाला सांगत फिरली नाही. मला काल कळलं. अशी मुलगी सोडलीत तर पस्तावाल."

मुलाची आजी तोवर सुपारी चघळत होती. ती पुढे वाकली. "कुठल्या हाताला चावलीस गं?"

"उजव्या," पूंगोदै म्हणाली.

सगळ्यांचे डोळे एकांबरमच्या हाताकडे गेले. तो त्यानं उपरण्याखाली ओढला. घड्याळाचा पट्टा बाहेर राहिला. म्हातारीनं विड्याचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं. "चावणारी आहे तर! आमच्या घरात सगळे नुसते चघळणारे. ही हवीच." मुलाच्या आईनं एकदा एकांबरमकडे रोखून पाहिलं, मग होकार म्हणून त्याच ताटाला हात लावला. खोली मोकळी झाल्यासारखी हसली. आणि हेही हसले.

तेवढं नको होतं. ह्यांना वाटलं, झालं, निभावलं. सगळं थोरल्या भावावर गेलं, आपण बाजूला राहिलो. मान हलवत हसले आणि दोन बोटांनी उपरण्याची घडी खांद्यावर नीट केली. अगदी तशीच. मी उठून त्यांच्यासमोर गेले. जरीचं टोक धरलं आणि ओढलं. चांगलं रेशीम आहे, जोर लावावा लागत नाही. सरसरत माझ्या हातात आलं.

"तिलकम," हे म्हणाले.

"हे त्या दिवशी द्यायचं होतं," मी म्हटलं. "आज मी आपलं आपण घेतलं."

ह्यांनी दोन्ही हात छातीवर घेतले. छातीवरचे केस पांढरे झालेत, मांस ओघळलंय; पन्नाशी उलटलेला माणूस भरल्या खोलीत तसा बसला. हात छातीवर कसे धरतात ते मला माहीत आहे, ह्यांना आज कळलं. त्यांनी भावाकडे बघितलं. मग व्याह्यांकडे, भटजींकडे, एकेकाकडे. खोलीत पंचवीसेक पुरुष असतील. प्रत्येकाच्या खांद्यावर काही ना काही होतं, पंचा, टॉवेल, उपरणं. कुणी जागचं हललं नाही. पूंगोदै तेवढी उठायला लागली, तिला मी नुसत्या डोळ्यांनी खाली बसवलं.

मग मी उभ्या उभ्याच घडी घातली. टोकाला टोक, काठावर काठ, दुकानात घालते तशी, घाई न करता. सगळे बघत होते. घडी काखेत धरली, ताट उचललं आणि आरणीच्या माणसांना ओवाळायला पुढे झाले.